आडवे जाणारे मांजर

पूर्वी प्रतिष्ठान नगरीत एक राजा सुखाने राज्य करीत असताना बोधिसत्त्व तेथे सार्थवाह, म्हणजे व्यापारी तांड्याचा नायक, होऊन राहत होता. त्याच्या तांड्यात शुभंकर नावाचा ज्योतिषी असे. माणूस विद्वान, पण कोणी शिंकले की पुन्हा अंथरुणात शिरणारा.

एकदा जत्रेसाठी माल भरून तांडा निघाला, तोच वेशीपाशी एक मांजर आडवे गेले. शुभंकराने सर्वांना परत फिरवले. दुसऱ्या दिवशीही तेच झाले, आणि वर ते मांजर मध्येच कोलमडून उलटे आले. शुभंकर कपाळाला हात लावून म्हणाला, "एकदा आडवं गेलं तर उपाय आहे हो. हे तर येरझाऱ्या घालतंय!"

खरे पाहता त्या बिचाऱ्याला जन्मतःच तोल नव्हता. सरळ दुधाकडे निघाले तरी ते आडवेच जाई, आणि पोहोचले तरी मान अशी हले की तोंड वाटीशेजारी पडे. त्याच्या बरगड्या वर आल्या होत्या. गाडीवान चिडून म्हणाले, "पोत्यात घाला आणि नदीत सोडा. इथं जत्रा उठायची वेळ आली."

"थांबा," बोधिसत्त्व म्हणाला. "ज्योतिषीबुवा, आडवं जायला मांजराला पायांनी चालावं लागतं ना?"

"लागतं."

"मग ते माझ्या गाडीत बसलं तर?"

शुभंकराने पुष्कळ विचार केला. "गाडीतल्या मांजराबद्दल शास्त्र गप्प आहे," तो नाइलाजाने म्हणाला.

बोधिसत्त्वाने मांजर उचलले. वैद्याने सांगितले, "हे बरं व्हायचं नाही. पण दोन्ही वेळा काढा पाजा, डोकं धरून भरवा, म्हणजे जगेल." त्यापायी तांडा वाटेत थांबत थांबत चालला. मांजर बोचकारी, काढा बोधिसत्त्वाच्या दाढीवर थुंके. तो दाढी पुसून पुन्हा पळी भरी. जत्रेत पोहोचेपर्यंत चांगली गिऱ्हाइके दुसऱ्यांनी नेली होती. "मांजरानं नायकाचा धंदा खाल्ला," लोक हसले. बोधिसत्त्वही हसला.

परतताना तो तापाने फणफणला. आता काढा कोण पाजणार? गाडीवान बैलांआड लपले. बोधिसत्त्वाने पळी शुभंकरापुढे धरली. शुभंकराने डोळे मिटून मांजराची मान पकडली, आणि काढा थेट त्याच्या गंधावर येऊन बसला. पुढच्या वेळी त्याने डोळे उघडे ठेवले.

मांजर काही सरळ चालू लागले नाही. पण प्रतिष्ठान जवळ येईपर्यंत ते शुभंकराच्या मांडीवर झोपू लागले, आणि कोणी शिंकले की तो ओरडे, "हळू रे! आत्ता कुठं डोळा लागलाय त्याचा!"

ही कथा सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, भिक्षूंना म्हणाले, "त्या वेळचे मांजर म्हणजे आज आजारी पडलेला हा भिक्षू सुमेध. काढा त्याने तेव्हाही थुंकलाच होता. त्याच्या उशाशी बसलेला, चीवरावर डाग पडलेला वासव म्हणजे शुभंकर. सार्थवाह मीच होतो. आणि गाडीवान म्हणजे काढ्याची वेळ झाली की नेमके भिक्षेला निघणारे तुम्ही."

भिक्षूंनी माना खाली घातल्या. तेव्हा शास्ते म्हणाले, "अंगावर उडालेला काढा पुसून पुन्हा पळी भरणे, यालाच क्षांती, म्हणजे खरी सहनशीलता, म्हणतात."