काळ्या माशाचं काम

एका गावात एक घर होतं आणि त्या घरात एक आजोबा होते. अख्खं गाव त्यांना मानायचं. मानायचं म्हणजे काय, तर त्यांना कुणी उलटा प्रश्न विचारायचं नाही.

आजोबांच्या दिवाणखान्यात ईशान्येच्या कोपऱ्यात माशांची टाकी होती. आठ सोनेरी मासे आणि एक काळा. वास्तू बघणाऱ्या एका गृहस्थानं तसंच सांगून ठेवलं होतं. सोनेरी मासे भरभराट आणतात, आणि घरावर संकट आलं की काळा ते अंगावर घेऊन मरतो. टाकी जागेवरून हलवायची नाही. हवेची मोटार बंद करायची नाही, कारण बुडबुडे थांबले की भरभराट थांबते.

दर दिवाळीच्या आधी घरात साफसफाई निघायची. जळमटं, भिंतींना रंगाचा हात, आणि शेवटी झुरळांचं औषध. औषधवाला पाठीवर पंप अडकवून यायचा आणि घरभर फवारा मारून जायचा. आजोबा टाकीवर एक ओला पंचा टाकायचे आणि म्हणायचे, "झालं."

दुसऱ्या दिवशी नऊच्या नऊ मासे पोट वर करून तरंगत असायचे.

"बघ," आजोबा आपल्या मुलीला, म्हणजे घरातल्या आत्याला, म्हणायचे. "काळ्यानं घेतलं अंगावर. काहीतरी मोठं येत होतं."

"आणि सोनेरी हो, अप्पा?" आत्यानं एकदाच विचारलं होतं.

"मोठं होतं ना. एकट्याला झेपलं नसणार."

मग मासे तुळशीजवळ पुरायचे, वर चिमूटभर साखर ठेवायची आणि नवे आणायचे. एका वर्षी आजोबा न्हाणीत घसरले आणि नुसतं खरचटलं, तर त्याचं श्रेयही माशांना मिळालं. आपली चूक आपल्यालाच दिसू नये म्हणून माणूस किती सुंदर सोय करतो, ते थोरामोठ्यांच्या घरात जाऊन बघावं.

त्या वर्षी मात्र घरात नात होती. दहावीत नापास झाली, पुन्हा शाळेत जायला नाही म्हणाली, म्हणून आई-बापांनी तिला आजोबांकडे पाठवून दिलेलं. वर्षभर माशांना खाऊ तीच घालत होती. काळ्याला ती डांबऱ्या म्हणायची. तिनं बोट पाण्यात घातलं की डांबऱ्या येऊन त्याला तोंड लावायचा.

दिवाळीच्या आधी औषधवाला आला. टाकीकडे बघून म्हणाला, "आजोबा, मासे बाहेर काढा. नाहीतर टाकी प्लास्टिकनं घट्ट बांधा आणि मी असेपर्यंत मोटार बंद ठेवा. मोटार खोलीतली हवा ओढून पाण्यात सोडते. खोलीत औषध असलं की तेच पाण्यात जातं. पंच्यानं काय होणार?"

"तू झुरळं मारायला आलास की शिकवणी घ्यायला?"

"मी आपलं दरवर्षी सांगतो," औषधवाला म्हणाला आणि पंपात औषध ओतायला लागला.

नातीनं ते ऐकलं. "आजोबा, हे दरवर्षी सांगतात?"

आजोबा पंचा पिळत राहिले.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"दहावीत आपटलीस आणि मला शिकवतेस?"

"मी पेपरात नापास झाले, आजोबा. माझ्यामुळे कुणी मेलं नाही."

आत्या मधे पडली. अशा घरात मधे पडायला एक आत्या असतेच. "अप्पा, तिला सोनेरी नेऊ दे शेजारी. काळा राहू दे टाकीत. तो त्याच कामासाठी आहे. तुमचंही राहील, तिचंही राहील."

आजोबा थोडे विरघळले. "बरं. आठ ने. काळा हलणार नाही."

"घे की," आत्या हळूच म्हणाली. "आठ वाचतायत. एका माशासाठी घर डोक्यावर घेऊ नकोस."

साबण कधी न लागलेल्या दोन बादल्या नातीनं आणल्या, टाकीतलंच पाणी त्यांत भरलं आणि जाळीनं एकेक सोनेरी उचलला. आठ झाले. मग तिनं बोट पाण्यात घातलं. डांबऱ्या आला, आणि तिनं त्यालाही उचललं.

"ए," आजोबा ओरडले, "घरावर काही आलं तर कोण घेणार?"

"आपण घेऊ. आपण मोठे आहोत. चार बोटांच्या माशाला कशाला पुढं करायचं?"

तिनं मोटारीचा खटका बंद केला, मोटार आणि नळी काखोटीला मारली, टाकीवर प्लास्टिक ताणून चारी बाजूंनी चिकटपट्टी लावली. टाकी तिथंच ईशान्येला राहिली. तिच्यातली भरभराट तेवढी शेजारच्या काकूंच्या पडवीत बुडबुडे सोडत बसली.

काळा घरात नाही म्हणून आजोबा तीन दिवस भिंतीला हात धरून चालले. न्हाणीत तर बसूनच सरकले. तीन दिवस घराच्या खिडक्या उघड्या होत्या. वास पार गेल्यावर नातीनं हात धुतले, टाकीच्या भोवतीची जागा पुसली, मग प्लास्टिक काढलं आणि मासे परत सोडले. नऊच्या नऊ. घरावर काहीच आलं नव्हतं. जे येत होतं ते औषधवाल्याच्या पंपातून येत होतं, आणि तो पंप घेऊन निघून गेला होता.

दिवाळीत आजोबांचे एक दोस्त फराळाला आले. तेही गावातले मोठे माणूस. चकली मोडता मोडता म्हणाले, "आमचा काळा गेला हो परवा. सोनेरीही गेले. पण घरावरचं मोठं संकट टळलं."

"वा वा," आत्या सवयीनं म्हणाली.

आजोबांनी टाकीकडे बघितलं. डांबऱ्या काचेला तोंड लावून उभा होता.

"त्याच्या आदल्या दिवशी झुरळांचं औषध मारलंत का?" त्यांनी विचारलं.

"मारलं की. का?"

"मोटार चालू होती?"

"चालूच असते. बुडबुडे थांबवायचे नसतात ना."

आजोबांनी हातातला लाडू ताटलीत परत ठेवला.

"आमचीही चालूच असायची," ते म्हणाले.

तात्पर्य, आणि हे मोठ्यांनी आधी वाचावं: घरात औषध मारायचं तर मासे आधी बाहेर काढा. आणि आपल्या हलगर्जीपणानं जो मेला, त्यानं आपल्यासाठी जीव दिला असं सांगत फिरू नका.