बऱ्या झालेल्या माणसाची तारीख

"पण भन्ते, जो आजार गेलाच, त्याच्यासाठी दर सहा महिन्यांनी दवाखान्यात जायचं म्हणजे त्याला धरून बसणंच झालं ना?"

ताराचंद मेश्राम सेवानिवृत्त मुख्याध्यापक. तरुणपणी अपघातात चढवलेल्या रक्तातून त्यांना हिपॅटायटिस सी झाला होता. तो कळेपर्यंत यकृत बरंच खराब झालं होतं. तीन महिने गोळ्या घेतल्या आणि विषाणू गेला. विषाणू नसल्याचा रिपोर्ट त्यांनी गावात दहा जणांना वाचून दाखवला होता.

टेकडीखालच्या विहारात भन्ते शीलबोधी चीवराला टाके घालत होते. वय ऐंशीच्या पुढे.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"विषाणू नाही, पण यकृतावर वण राहिलेत. तिथं गाठ होऊ शकते. म्हणून जन्मभर सोनोग्राफी." मेश्राम हसले. "तुम्हीच शिकवलंत, गेलेल्याला सोडून द्यावं. मी सोडलं. मला आता कशाचीच भीती नाही."

भन्ते सुईत दोरा ओवत राहिले...

"भीती नाही?"

"अजिबात नाही."

"मग जात का नाही?"

मेश्राम चटईची काडी ओढू लागले.

शेजारी त्यांच्या पत्नी सुशीलाबाई बसल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "चार महिने झाले तारीख टळून. यांच्याबरोबर गोळ्या घेणारे ढोके सर होते ना... तेही बरे झाले होते. मग त्यांच्या यकृतात गाठ निघाली. तीन महिन्यांत गेले. तेव्हापासून हे..."

"तू गप्प बस," मेश्राम म्हणाले. पण आवाजात जोर नव्हता.

भन्तेंनी विचारलं, "सकाळपासून काही खाल्लंत?"

"चहासुद्धा नाही. इच्छाच होत नाही."

"बरं झालं. त्या तपासणीला उपाशीच जावं लागतं."

त्यांनी सुई कापडात खोचली. विहारात भोजनदानाचा डबा आला होता. बाराच्या आत जेवले नाहीत, तर भिक्खूंच्या नियमाप्रमाणे भन्तेंना दुसऱ्या सकाळपर्यंत उपास. त्यांनी डबा उघडला नाही. चपला घातल्या.

"भन्ते, तुमचं जेवण..."

"बस किती वाजता आहे?"

तालुक्याच्या दवाखान्यात नंबर लागेपर्यंत दोन वाजले. तिघे बाकावर बसून होते. आतून एकेक नाव पुकारलं जात होतं.

"भन्ते," मेश्राम खाली बघत म्हणाले, "मी खोटं बोललो. चार महिने मला धड झोप नाही. आत गेलो की ढोके सरांसारखं सांगतील, असं वाटतं."

भन्तेंनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला. नाव पुकारेपर्यंत तो तसाच होता.

आत डॉक्टरबाईंनी पोटावरून यंत्र फिरवलं. एका जागी थांबल्या. पुन्हा फिरवलं... मेश्राम छताकडे बघत राहिले.

"वण आहेत तसेच आहेत," त्या म्हणाल्या. "गाठ नाही."

बाहेर येऊन मेश्रामांनी ते सांगितलं, तेव्हा सुशीलाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मेश्राम बराच वेळ भन्तेंसमोर हात जोडून उभे राहिले.

"सुटलो, भन्ते."

भन्ते बाकाला धरून सावकाश उठले.

"सुटलात. आता सहा महिन्यांनी पुन्हा सुटा."