याकोबदादाचा शनिवार

नांदखारच्या खाडीवर पूल नव्हता, पैलतीरी जायला होडीशिवाय इलाज नव्हता, त्या काळातली ही गोष्ट. फार वर्षं झाली. ऐकणारे सांगणारे झाले, आणि जो तो आपल्या पदरचं थोडं मीठ घालत गेला. मीही घालणार आहे, आधीच सांगून ठेवते.

त्या साली उधाणाच्या भरतीनं बांध फुटला आणि नांदखारची मिठागरं पाण्याखाली गेली. मीठ पिकवण्यावाचून दुसरं काही येत नसलेलं गाव ते. घराघरांत बोचकी बांधली गेली. पण जायचं कुठं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

अशात एका शनिवारी सकाळी एका गलबताच्या तांडेलानं एका गोऱ्या, दाढीवाल्या माणसाला किनाऱ्यावर उतरवलं. उतरवलं कसलं, हाकललंच. कारण काय, तर आज शनिवार म्हणून त्यानं शिडाच्या दोराला हात लावायचं नाकारलं होतं. त्याचं सामान एकच, जात्याच्या तळीएवढं लोखंडी चाक.

तो त्या चाकाशेजारी वाळूत बसला. ऊन चढलं, अंग भाजून निघालं, पण चाक उचलून तो काही सावलीला गेला नाही. लोक म्हणाले, वेडा दिसतोय. एलोजी तेली तेवढा तसं म्हणाला नाही. एलोजीचं घर बेने इस्राएलांचं, गावातलं एकुलतं एक ज्यू घर. शनिवार हा ज्यूंचा विसाव्याचा दिवस; चांदण्या उगवेपर्यंत ना काम करायचं, ना ओझं उचलायचं. शनिवारी त्याचाही घाणा बंद असायचा, बैलसुद्धा मोकळा. त्यानं लांबून पाहिलं आणि ओळखलं. हा वेडा कुठला, हा तर आपल्यातला! एकमेकांची भाषा येत नव्हती, म्हणून एलोजी नुसताच त्याच्या शेजारी जाऊन बसला. चांदण्या दिसू लागल्यावर दोघांनी मिळून चाक घरी आणलं.

याकोब मेंदेस हे त्याचं नाव. दूरच्या थंड मुलुखात त्याचे बापजादे हिऱ्यांना पैलू पाडायचे. तिथला मालक म्हणाला, शनिवारी कामावर ये, नाहीतर येऊच नकोस. याकोब गेला नाही, आणि मग त्या शहरात त्याला कुणी काम दिलं नाही.

एलोजीच्या घाण्यात त्याला काय दिसलं कोण जाणे! त्यानं सुताराकडून एक मोठं लाकडी चाक करून घेतलं, घाण्याला जोडलं, आणि त्यावरून दोर ओढून आपलं लोखंडी चाक फिरवलं. बैल आपल्या चालीनं चालायचा आणि चाक भिंगरीसारखं पळायचं. हिऱ्याची पूड एलोजीच्या तेलात कालवून चाकाला लावायची आणि त्यावर हिरा घासायचा. याकोबजवळ सदऱ्याच्या शिवणीत दडवलेले चार बारीक खडे होते. त्यावर त्यानं गावाला शिकवलं. सगळ्यांत आधी शिकली ती चांगुणा आगरीण. जिभेची मोठी तिखट, पण हात असा स्थिर की याकोब बघत राहायचा.

शिकले खरे, पण खाडीकाठच्या या खारवट गावाला हिरे देणार कोण? याकोब शहरात सराफांकडे जायचा, नमुने दाखवायचा, हसं करून घेऊन परत यायचा. गाव विचारायचं, "काय झालं?" तो म्हणायचा, "परत जाईन." मराठीत त्याला तेवढंच नीट यायचं. असं म्हणतात, सराफकट्ट्याची दगडी पायरी त्याच्या वहाणांनी झिजली.

शेवटी नरहरशेट रेवणकर नावाच्या सराफाकडे एक हिरा आला, लिंबाएवढा. तो मधोमध फोडायचा होता. घाव हिऱ्याच्या आतल्या शिरेवर बसला तर दोन हिरे, नाहीतर भुगा. शहरात कुणी हात लावेना. नरहरशेट म्हणाला, मीच घेऊन येतो तुमच्या गावी. साधलं तर माझं सगळं काम तुम्हाला, बिघडलं तर तुमचं चाक खाडीत.

शेट आला तो नेमका शनिवारी, भरतीबरोबर. सगळं गाव किनाऱ्यावर लोटलं. शेट म्हणाला, "चला, उरका. ओहोटी लागायच्या आत मला निघायचंय."

याकोब म्हणाला, "आज नाही. उद्या."

"उद्या मी कशाला थांबू? आता फोडणार असाल तर बोला. नाहीतर हा हिरा घेऊन मी चाललो, आणि पुन्हा माझ्या पायरीवर येऊ नका."

चांगुणा पुढं झाली. तिचे डोळे भरून आले होते, आणि रागही आला होता. "दादा, एक डाव घाव मार ना! आमी बोचकी बांधून बसलोत. तुझा द्येव येक दिस माफ नाय करनार?"

याकोबचा चेहरा उतरला. त्याला या माणसांची माया होती. तो सावकाश, शब्द जुळवत म्हणाला, "चांगुणाबाय, हा दिवस मी सोडला असता, तर तिकडंच राहिलो असतो. इथं आलोच नसतो."

चांगुणानं पदरानं डोळे पुसले. ओहोटी लागली, होडीचा तळ चिखलाला टेकला. नरहरशेट ओरडला, "अरे, होडी लोटा कुणीतरी!"

पुरुष पुढं सरसावले, तशी चांगुणा त्यांच्या वाटेत आडवी उभी राहिली. "हात लावायचा नाय कोनी," ती म्हणाली. "आज आमचापन शनवार हाय."

आणि अख्खं गाव किनाऱ्यावर फतकल मारून बसलं. शेटनं आरडाओरडा केला, दुप्पट मजुरी देऊ केली, कुणी हललं नाही. असं म्हणतात, त्या दिवशी खाडीही थांबली. भरतीची वेळ झाली, टळून गेली, पण चांदण्या उगवेपर्यंत पाण्याचा थेंब आत आला नाही. शेटला भूक लागली. एलोजीच्या बायकोनं शुक्रवारीच करून ठेवलेल्या भाकऱ्या आणि मासळीची कढी पुढं ठेवली. आधी त्यानं नाक मुरडलं. दुपार कलल्यावर मात्र सोवळं-ओवळं चिखलात ठेवून पोटभर जेवला.

रात्री पाणी आलं, तरी शेट निघाला नाही. रविवारी सकाळी त्यानंच हिरा पुढं केला. याकोबनं तो लाकडाच्या खोबणीत बसवला, पातं टेकवलं आणि एकच घाव घातला. हिऱ्याचे सरळ दोन भाग झाले. गावानं बोचकी सोडली. पुढं तिथं घरोघरी चाकं फिरू लागली, आणि ज्या सराफांनी याकोबला हसून घालवलं होतं ते खाडीकाठी रांग लावून उभे राहिले.

याकोब तिथंच म्हातारा झाला, तिथंच मातीला मिळाला. एलोजीची नातवंडं-पतवंडं पुढं इस्राएलला गेली. नांदखारमध्ये आज ज्यूंचं एकही घर नाही. चाकं विजेवर चालतात, खाडीवर पूल झालाय. तरी शनिवारी गावातलं एकही चाक फिरत नाही, मालक हिंदू असो की मुसलमान. एखादा घाईचा व्यापारी नेमका त्याच दिवशी येतो, चिडतो, घड्याळ दाखवतो. त्याच्याशी कुणी वाद घालत नाही. त्याला सतरंजीवर बसवतात, आदल्या दिवशीच्या भाकऱ्या आणि कढी पुढं ठेवतात आणि म्हणतात, "आज याकोबदादाचा दिवस आहे. जेवा."