मधलं घर

"मग हे मधलं घर दर साली वरच चाललंय म्हणतोस?"

गोदाक्का निखाऱ्यावर वांगं फिरवत होत्या.

"चौदा वर्षं, आक्का. एकदाही खाली आलं नाही."

चिंतामण ठोसर राज्याच्या सांख्यिकी खात्यात मोठे अधिकारी. आक्कांचा अनुग्रह घेऊन त्यांना वीस वर्षं झाली होती. चंपाषष्ठीला मठात यायचे ते सहकुटुंब, मोटारीनं. यंदा एकटेच आले, एस.टी.नं.

"मधलं म्हणजे कुठलं रे?"

"राज्यातली सगळी घरं रांगेत उभी करायची. सगळ्यात गरीब या टोकाला, श्रीमंत त्या टोकाला. बरोबर मध्ये येईल, ते घर. त्याचं उत्पन्न किती, ते आम्ही काढतो. सगळ्यांना विचारता येत नाही, म्हणून काही हजार घरं निवडायची नि अंदाज बांधायचा. तालुक्यातालुक्याचा. पद्धत मी बसवलेली आहे, आक्का. परराज्यातले लोक शिकायला येतात."

"एवढं सगळं चांगलं, मग तोंड सुतक्यासारखं का?"

…

"परवा मी स्वतः गेलो होतो. एका वस्तीवर. त्या तालुक्याचं उत्पन्न सगळ्यात जास्त वाढलेलं. म्हटलं, डोळ्यांनी बघू." चिंतामणरावांनी चष्मा काढला. "अकरा घरं. आठांना कुलूप."

"कुठं गेली माणसं?"

"ऊसतोडीला. ओट्यावर एक म्हातारी तेवढी होती. मला म्हणाली, 'तुमची मानसं येत्यात की दर साली. आमची कुलपं बघत्यात, वाण्याकडं च्या पित्यात आन् जात्यात.'"

आक्का हसल्या. चिंतामणराव हसले नाहीत.

"नियमच तसा आहे. दोन फेऱ्या मारायच्या. दार बंदच असेल तर शेजारचं उघडं घर घ्यायचं. आणि आमची पाहणी कार्तिक ते फाल्गुन. तोडही तेव्हाच. मी तिला म्हटलं, आजी, पाहणीपुरतं कुणी घरी थांबत का नाही? तर म्हणते, 'गरीब हाय ह्ये सांगाया घरी बसलो, तर खावं काय?'"

वांग्याचं साल तडकलं. आक्कांनी ते ताटलीत काढलं.

"रांगेच्या गरीब टोकाची माणसं दर साली जास्त जास्त उठून गेली, आक्का. मधलं घर आपोआप वर सरकलं. कुणाच्या ताटात घासभरसुद्धा जास्त पडला नाही."

"आणि म्हातारी?"

"तालुका सुधारला म्हणून तिथलं मदतीचं धान्य बंद झालंय. दोन वर्षं झाली. गेल्या फाल्गुनात संपलेल्या पाहणीचा अहवाल आता निघतोय, त्यावर आणखी तीन तालुक्यांचं जाईल. उद्या माझी सही."

"वरच्यांना सांगितलंस?"

"सांगितलं. म्हणाले, पद्धत बदलली तर मागचे आकडे पुढच्यांशी जुळणार नाहीत." ते थांबले. "हे वाक्य माझंच आहे. नियमावलीत मीच लिहिलंय."

"सही नाही केलीस तर?"

"दुसरा करील. आकडा तोच राहील."

…

"आक्का, काही प्रायश्चित्त सांगा. सोळा सोमवार धरतो. उभ्यानं उपास करतो."

"धर की. उपास कधी वाया जात नाही." आक्कांचा आवाज मऊ होता. "पण तुझ्या उपासानं तिचं पोट भरेल का रे?"



दुपारी पंगत बसली. भरीत, रोडगे, पातीचा कांदा. मठाची रीत अशी, की नैवेद्याआधी एकानं वेशीपर्यंत जाऊन हाक द्यायची, कोणी उपाशी असेल तर या हो! मग आत येऊन देवासमोर उभं राहून सांगायचं, देवा, कोणी उपाशी नाही, आता तू जेव. त्यानंतरच नैवेद्य.

हाक दर वर्षी आक्का देत. यंदा त्यांनी चिंतामणरावांकडे पाहिलं.

ते गेले. वेशीत उभे राहिले. मोठ्यानं हाक दिली. वाट पाहिली. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

परत येऊन देवासमोर हात जोडले.

"देवा, कोणी…"



पंगतीत कुणीतरी कुजबुजलं, "अहो साहेब, म्हणा की. रोडगे गार होतायत."

"देवा…"

चिंतामणरावांनी जोडलेले हात खाली घेतले. ते आक्कांकडे वळले.

"मला नाही सांगवत, आक्का."

आक्का उठल्या. नैवेद्याचं ताट उचललं, त्यावर केळीचं पान झाकलं, आणि तसंच बाजूला ठेवून दिलं.

"मग आज देवही उपाशी."