उन्हवलीच्या कुंडातली जोडवी

उन्हवलीत गरम पाण्याच्या कुंडाला लागून चिऱ्यांनी बांधलेला एक पाट आहे. ओढा चार हातांवर वाहतो, तरी पाट कोरडाच; त्याच्या तोंडाशी भलीमोठी शिळा बसवलेली आहे. बाहेरून आलेली माणसं कारण विचारतातच. मग दाजी गुरव पायरीवर टेकतात आणि सांगतात.

फार पूर्वी, म्हणे, इथल्या लखूचे पाय लग्नाची हळद उतरायच्या आतच बधिर झाले. विंचू चढला तरी कळू नये, असे. त्याची बायको आवडी त्याला पाठुंगळी घेऊन रोज कुंडावर आणी, पाण्यात बसवी आणि शेजारी पाय सोडून बसे. ती फारशी बोलत नसे. माहेरी तिला कुणी विचारलं नव्हतं, सासरी विचारणारं कुणी नव्हतं. रडून झालं होतं. आता ती नुसती बघत असे.

त्याच सुमारास सुभेदारांची बायको स्नानाला आली आणि नाकाला पदर लावून परत गेली. कुंडाला गंधकाचा वास असायचाच, पण गावाला लाज वाटली. गावाने पाट बांधून ओढ्याचं पाणी कुंडात सोडलं. वास गेला, चटका गेला. दुखणेकरीसुद्धा खूश. म्हणत, आता कसं सोसवतं.

लखूचे पाय होते तसेच राहिले.

"तुझाच पायगुण," सासू म्हणे.

आवडीने आपल्या पायांकडे पाहिलं. पूर्वी या पाण्यात चांदीची जोडवी काळी पडत, सासू बोले म्हणून ती चिंचेने घाशी. आता कित्येक दिवसांत चिंच लागली नव्हती.

एका सकाळी, सगळं गाव कुंडावर असताना, तिने जोडवी काढली.

सासूने कपाळाला हात लावला. "अगो, नवरा जिवंत आहे ना तुझा?"

"आहे. म्हणून तर."

एक जोडवं तिने कुंडात सोडलं. दुसरं झऱ्याच्या मुखाशी ठेवलं, जिथे खडकातून पाणी फुटतं.

"मुकी होती तीच बरी होती," बायका कुजबुजल्या.

दुपारी तिने दोन्ही बाहेर काढून तेव्हाच्या गुरवापुढे ठेवली. कुंडातलं पांढरंफेक, मुखाशी ठेवलेलं तव्यासारखं काळं.

"औषध तिकडे आहे," ती म्हणाली. "इकडे आपण ओढ्यात बसतो."

गुरवाने दोन्ही जोडवी उचलून उलटसुलट पाहिली. मग त्यानेच पाटाच्या तोंडाशी शिळा लोटली, असं सांगतात.

वास परत आला, मोठी माणसं यायची थांबली. आवडी लखूला रोज बसवीत राहिली. आशा वगैरे तिला नव्हती, म्हणे; सवय होती. एक दिवस लखू म्हणाला, "चटका बसतोय."

"बसू दे," ती म्हणाली, आणि तिथेच बसून राहिली. लखू पुढे चालला की नाही, याबद्दल गावात दोन मतं आहेत.

आजही दर साल थंडीत कुंड उघडताना गावातली सर्वांत नवी सून, नवरा धडधाकट असताना, जोडवी काढते. एक कुंडात, एक मुखाशी. दोन्ही सारखी काळी पडली की मगच दुखणेकऱ्यांना उतरवतात. पाण्याबाहेर येणाऱ्याला बरं वाटलं का, असं इथे कुणी विचारत नाही. गुरव एवढंच विचारतो, "चटका बसला का?" नाही म्हणालं, तर उद्या यायला सांगतो.