गाळ्यांच्या किल्ल्या

"नाना, पण नियमात बसतंय, तर सही करायला हरकत काय?"

पराशरने पुन्हा तेच विचारलं.

नाना उकिडवे ओसरीवर सुपात शेंगा फोडत बसले होते. कंपन्यांचे हिशेब तपासण्यात त्यांचा जन्म गेला, आणि पराशर त्यांच्याच हाताखाली तयार झालेला. आता पुण्यात काचेच्या ऑफिसात बसायचा. हिशेबाचे नवे नियम तोंडपाठ, नाक जरा वरच. पण आज वाईला नानांकडे आला तेव्हा ओठ सुकलेले, आणि डोळे सारखे फाटकाकडे.

फाटकाबाहेर पांढरी गाडी उभी होती. ज्याच्या हिशेबांवर सही हवी होती, त्या शेठने त्याला तिच्यातूनच पाठवलं होतं, सोबत आपला माणूस देऊन. आधीच्या ऑडिटरने सही नाकारली, तेव्हा हीच गाडी त्याच्या पोरीच्या शाळेबाहेर येऊन थांबायची. कुणी उतरायचं नाही, बोलायचं नाही. नुसती उभी.

शेठची बांधकाम कंपनी शेअर बाजारात उतरणार होती. मास्तर, नर्सबाया, पेन्शनवाले आपली पुंजी तिच्यात घालणार, तेही पराशरची सही बघून.

जागांचे रकाने किती, नानांनी विचारलं.

पराशरने घडाघडा सांगितलं. कंपनी स्वतः वापरते ती जागा पहिल्या रकान्यात. विकायला बांधलेली दुसऱ्यात. भाडं खायला राखलेली तिसऱ्यात. शेठचं बाजारसंकुल दुसऱ्यात होतं, पण गिऱ्हाईक फिरकेना. किंमत उतरवून दाखवायची पाळी आली, तसे शेठ म्हणाले, गाळे भाड्याने गेलेत, तिसऱ्यात टाका, म्हणजे भाड्याच्या जोरावर किंमत टिकेल. करारही होते, शिक्क्यासकट.

"तू डोळ्यांनी पाहिलंस?"

"म्हणजे काय! एकूण एक गाळा स्वतः उघडून पाहिला." पराशरने खिशातून किल्ल्यांचा भला मोठा जुडगा काढून दाखवला.

नानांचा हात थांबला.

"गाळ्यांत भाडेकरू आहेत..."

"हो."

"मग किल्ल्या तुझ्या खिशात कशा?"

पराशरची मूठ जुडग्यावर मिटली. शटर वर केलं, तेव्हा आतून सिमेंटचा कोरा वास आला होता. एकाही भिंतीवर साधं कॅलेंडर नव्हतं, की देवाचा फोटो. त्याला तेव्हाच कळलं होतं. कळलं, आणि त्याने गुपचूप शटर खाली ओढलं होतं.



बाहेर हॉर्न वाजला.

पराशर ताडकन उठला. पायरीशी गेला, बुटात पायसुद्धा घातला.

नाना त्या पायाकडे बघत राहिले.

"तिकडे हॉर्न वाजला, इकडे तू उठलास... तुला कुठल्या रकान्यात घालू रे?"



हॉर्न पुन्हा वाजला. लांबलचक. मग गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला. फाटकाची कडी हलली.

पराशरने बुटातून पाय काढला. परत येऊन तो नानांसमोर बसला, आणि किल्ल्या त्याने सुपात ठेवल्या, टरफलांवर.

"नाना... फार भीती वाटते हो."

"वाटू दे. ती पहिल्या रकान्यातली आहे, तुझी स्वतःची..." नानांनी पुढची शेंग उचलली. "तेवढी विकू नकोस."