नंदीचा होकार

"आणि तुमच्या बैलाला तरी कळतं का, आपल्याला काय विचारलंय ते?"

कल्याणीबाईंनी हे जरा घुश्शातच विचारलं.

व्यंकूबाबा नंदीवाले पालाच्या तोंडाशी बसून झुलीला सुटलेली कवडी शिवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"तुमीच इचारून बघा की," ते म्हणाले.

बाई काही बैलाशी बोलायला आल्या नव्हत्या. शाळा सुटल्यावर पाणंदीच्या कच्च्या वाटेनं ओढ्यापर्यंत चालत आल्या होत्या त्या रंगूसाठी.

रंगू ही व्यंकूबाबांची नात, आठ वर्षांची. पौषात नंदीवाल्यांची तीन पालं गावच्या ओढ्याकाठी उतरली, आणि दुसऱ्याच दिवशी बाबांनी तिला हाताला धरून शाळेत आणून बसवलं. दुसरीच्या वर्गात, कल्याणीबाईंपुढे.

बाईंचं नोकरीचं पहिलंच वर्ष. डी.एड.ला त्या जिल्ह्यात पहिल्या आल्या होत्या. बाई हुशार होत्या, आणि हे त्यांना दुसऱ्या कुणी सांगावं लागत नव्हतं.

पण जूनच्या पहिल्या दिवशी त्या हुशारीचं कुणाला काही पडलं नव्हतं. एकानं दाराची चौकट धरून भोकाड पसरलं. एकाची नाडी सुटेना. एकीनं पडलेला दात आणून बाईंच्या तळहातावर ठेवला आणि म्हणाली, "सांभाळा." मधल्या सुट्टीत बाई तांदळाच्या कोठीत जाऊन रडून आल्या.

मग हळूहळू जमत गेलं. दिवाळीपर्यंत वर्ग हाताशी आला. धडा संपला की बाई विचारायच्या, "समजलं का?" आणि सव्वीस पोरं एका सुरात ओरडायची, "होऽऽ बाई!"

त्या एका 'हो'वर बाईंचा दिवस निभायचा. आपल्याला शिकवता येतं की नाही, ही शंका त्या रोज सकाळी पोटात घेऊन यायच्या. तो 'हो' ऐकला की संध्याकाळी घरी जाऊन नीट जेवायच्या.

रंगू आली आणि वर्गात सत्ताविसावा आवाज आला.

"न्हाई."

पहिल्यांदा बाईंनी कौतुकानं पुन्हा समजावलं. दुसऱ्यांदा नेटानं समजावलं. दहाव्यांदा दातओठ खात. रंगूचं आपलं एकच… न्हाई. पोरं फिदीफिदी हसायची.

सोमवारी केंद्रप्रमुख साहेब वर्ग बघायला आले. बाईंनी वजाबाकी घेतली. फळा सुरेख, अक्षर सुरेख. शेवटी त्यांनी मोठ्या आत्मविश्वासानं विचारलं, "समजलं का?"

"होऽऽ बाई!"

"न्हाई."

साहेब हसले. वाईट काही बोलले नाहीत, नुसते हसले. बाईंच्या मात्र कानशिलांपर्यंत आग गेली. साहेबांची मोटारसायकल फाटकाबाहेर पडली, आणि बाई वर्गात येऊन रंगूवर बरसल्या.

"सगळ्यांना समजतं, तुलाच कसं समजत नाही? तुझ्या आजाचा नंदी बरा तुझ्यापेक्षा! मान तरी हलवतो."

वर्ग खदखदून हसला. रंगू हसली नाही, रडलीही नाही. तिनं पाटी दप्तरात घातली.

मंगळवारी ती आली नाही. बुधवारी नाही. गुरुवारी बाईंना वर्गात बसवेना. ते वाक्य आपल्याच तोंडून गेलं, हे त्यांना राहून राहून आठवत होतं आणि लाज वाटत होती. पण लाज कबूल करणं जिल्ह्यात पहिल्या आलेल्या बाईंना जड जात होतं. म्हणून पालावर येऊन त्यांनी वेगळंच काढलं.

"बाबा, तिला समजवा जरा. सगळ्यांबरोबर हो म्हणायला काय जातं तिचं?"

"आमचा नंदी म्हणतो की हो," बाबा म्हणाले.

म्हणून बाईंनी तो प्रश्न विचारला होता. त्यावर बाबा म्हणाले होते, तुमीच इचारून बघा.

बाईंनी आजूबाजूला पाहिलं. ओढ्याकाठी कुणी नव्हतं. बाभळीखाली नंदी उभा होता. नाव हरण्या. शिंगांना गोंडे, गळ्यात घुंगरांचा पट्टा, आणि डोळ्यांत कसलीही घाई नाही.

बाबांनी झूल बाजूला ठेवली आणि ढोलकं मांडीवर घेतलं.

"इचारा. शाळंतलं इचारा."

बाईंनी घसा खाकरला. बैलाला शिकवायची वेळ आली म्हणून आतल्या आत चरफडल्याही.

"बावन्नातून सत्तावीस गेले, पंचवीस उरले. समजलं का?"

बाबांनी वाकडी काठी ढोलक्याच्या कातड्यावरून घासली. गुबुगुबू… गुबुगुबू… हरण्यानं मान हलवली. घुंगरं वाजली.

"हुशार हाय," बाबा म्हणाले. मग स्वतःच बैलाकडे वळून म्हणाले, "बावन्नातनं सत्तावीस गेलं, हत्ती उरला. समजलं का रं?"

गुबुगुबू… हरण्यानं तितक्याच मनापासून मान हलवली.

बाईंना हसू फुटलं. "तुम्ही काठी घासता म्हणून हलवतो तो."

"व्हय. इशारा हाय तो."

"मग त्यात त्याची कसली हुशारी?"

"न्हाईच." बाबांनी काठी खाली ठेवली. "आन् तुमचा इशारा कंचा?"

"माझा?"

"पोरांस्नी हो म्हणायचा."

बाईंचं हसू तोंडातच राहिलं. त्यांना स्वतःचा आवाज ऐकू आला. समजलंऽऽ का? 'का' वर चढवलेला सूर. उंचावलेल्या भुवया. खडू धरलेला हात वर, गाण्याच्या बाई धरतात तसा.

बाबांनी ढोलकं उचलून मागे ठेवलं.

"आता इचारा."

"समजलं का?" बाईंनी विचारलं. आवाज जरा पडलेला होता.

हरण्या त्यांच्याकडे बघत राहिला. रवंथ करत राहिला. मान हलली नाही.

"आता खरं बोलला," बाबा म्हणाले.

बाई तिथंच एका दगडावर बसल्या.

"ह्याला हो म्हणाया शिकवायला मला दीड वरीस लागलं," बाबा कवडी शिवता शिवता म्हणाले. "न्हाई म्हणाया कुणी शिकवलं न्हाई. ते तो घेऊनच आलता… रंगी तुमाला रोज न्हाई म्हणती. तुमी कधी इचारलं का, काय न्हाई?"

"दहा-दहा वेळा समजावलंय मी तिला!"

"समजावलंत. इचारलं का?"

बाईंनी हरण्याकडे पाहिलं.

"आठ दिसांनी आमची पालं हलणार," बाबा म्हणाले. "म्होरल्या गावात बी शाळा असंल. मी नेऊन बसवीन. पर ती बसंल का उठून येईल, ते म्होरल्या गावावर न्हाई. ह्या गावावर हाय."

दोरा दातानं तोडून त्यांनी हाक मारली.

"रंगे!"

वैरणीच्या गंजीमागून रंगू बाहेर आली. ती मघापासून तिथंच होती. सगळं ऐकलेलं तोंडावर दिसत होतं.

बाईंच्या जिभेवर सवयीचा प्रश्न आला. त्यांनी तो गिळला. भुवयाही खाली घेतल्या.

"रंगू… त्या वजाबाकीत तुला काय कळत नाही गं?"

रंगूनं आजाकडे पाहिलं. आजा झूल झटकत होता.

"दोनातनं सात जात न्हाईत म्हणता," ती म्हणाली.

"हो. जात नाहीत."

"मग सातातनं दोन काढावं की. ते जात्यात. तसं का न्हाई काढायचं?"

बाई उत्तर द्यायला गेल्या आणि थांबल्या. खांद्याच्या पिशवीत मागच्या आठवड्याच्या चाचणीचे पेपर होते. त्यांनी गठ्ठा काढला. तिसरा प्रश्न, बावन्न वजा सत्तावीस.

पहिला पेपर. पस्तीस.

दुसरा. पस्तीस.

तिसरा बरोबर होता. चौथा पस्तीस, पाचवा पस्तीस…

सव्वीस पेपरांपैकी एकोणिसांवर पस्तीस. प्रत्येकावर बाईंच्याच हातची लाल फुली, आणि शेजारी त्याच सुरेख अक्षरात लिहिलेलं 'निष्काळजीपणा'. एकोणीस पोरांनी मुकाट्यानं सातातून दोन काढले होते आणि एका सुरात हो म्हटलं होतं.

सत्ताविसावा पेपर रंगूचा. ती जागा कोरी होती.

बाईंना रडू यायला लागलं. जूनमध्ये कोठीत आलं होतं तसलं नाही. तेव्हा त्या स्वतःसाठी रडल्या होत्या.

पदरानं डोळे पुसून त्या सरळ जमिनीवर बसल्या. नवी साडी होती, पण बसल्या. गंजीतून कडब्याच्या बारीक काड्या ओढल्या, दहा-दहांच्या जुड्या केल्या, एकेक जुडी पात्यानं बांधली. पाच जुड्या आणि दोन सुट्या काड्या रंगूपुढे ठेवल्या.

"हे बावन्न. मला सत्तावीस दे."

रंगूनं दोन सुट्या काड्या उचलल्या. सात हव्या होत्या. तिनं जुड्यांकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं.

सांगून टाकावं, असं बाईंना फार वाटलं. जीभ शिवशिवत होती. त्यांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

बराच वेळ गेला…

रंगूनं एक जुडी उचलली. उलटीपालटी केली. मग नखानं पातं सोडलं. काड्या मोकळ्या झाल्या.

सात काड्या आणि दोन जुड्या तिनं बाईंपुढे सरकवल्या. उरलेल्याकडे बघत राहिली. दोन जुड्या, पाच काड्या.

"हां…" असं काहीसं तिच्या तोंडून निघालं. कुणाला उद्देशून नव्हतं ते.

एवढ्यात हरण्यानं मान लांब केली आणि उरलेल्यातली एक जुडी उचलून शांतपणे चावायला सुरुवात केली.

"पंधरा," रंगू म्हणाली.

बाईंनी काहीही विचारलं नव्हतं. सबंध वर्षात मिळालेल्या सगळ्या 'हो'पेक्षा हे पंधरा मोठं होतं.

आनंदाच्या भरात त्यांचा सूर पुन्हा चढला. "मग उद्या येशील ना शाळेत?"

"न्हाई."

बाबांनी काही मदत केली नाही. ते बैलाच्या पाठीवर झूल चढवत होते.

उठून जायला बाईंना वाटही होती आणि निमित्तही. त्या उठल्या नाहीत.

"का गं?" त्यांनी विचारलं. या वेळी हळू.

रंगू काडी मोडत राहिली. एका काडीचे चार तुकडे झाले.

"तुमी म्हणालात, नंदी बरा."

"हो. म्हणाले मी." बाईंनी एक श्वास घेतला. "चुकलं माझं, रंगू. साहेब हसले त्याचा राग मला आला, आणि तो मी तुझ्यावर काढला. तू खरं बोलत होतीस. सगळ्या वर्गात तू एकटी खरं बोलत होतीस. हे मी उद्या वर्गात सगळ्यांसमोर सांगणार आहे. तू आलीस तरी, नाही आलीस तरी."

रंगूनं आणखी एक काडी उचलली.

बाईंनी पुन्हा विचारलं नाही. पेपर पिशवीत घातले. सव्वीस पोरांसाठी काड्या लागणार होत्या. त्यांनी बाबांकडे पाहून वैरणीकडे बोट केलं. बाबांनी एक अख्खी पेंढी त्यांच्या हातात दिली. नव्या साडीवर कडब्याची पेंढी कवटाळून बाई पाणंदीला लागल्या. ध्यानच दिसत होत्या, पण त्यांना त्याचं काही वाटलं नाही.

वीस पावलं गेल्या असतील.

मागून आवाज आला. गुबुगुबू…

बाई वळल्या.

हरण्या मान हलवत होता. घुंगरं वाजत होती.

व्यंकूबाबांच्या दोन्ही हातांत पाण्याची बादली होती. ढोलकं रंगूच्या मांडीवर होतं. रंगू खाली मान घालून, अगदी मन लावून, जमिनीवरच्या काड्या मोजत होती.

बाईंनी विचारायला तोंड उघडलं.

"जावा आता, बाई," बाबा म्हणाले. "हे मातर इचारू नका."